बरण्यांवरची रबरं

ताई, तुझ्या वन्संनी तुझं स्वयंपाकघर आवरलं. इतकं छान आवरलं की शेजारच्या साहू भाभी मुद्दाम बघायला आल्या आणि दारात उभ्या राहून "कतका सुग्घर लागत हे", किती सुरेख दिसतंय, असं छत्तीसगढीत म्हणाल्या. फळीवर एकसारख्या पारदर्शक बरण्या, हिरव्या झाकणांच्या, एका रांगेत. तुझे वेगवेगळ्या आकारांचे डबे, बरण्यांच्या गळ्याभोवतीची रबरं, आडवे कापलेले तेलाचे डबे, खिळ्यांना बांधलेल्या चिंध्या, सगळं कचरागाडीत गेलं. तुझा दहावा झाला, सुतक फिटलं, घर धुवायचं होतं. घर धुताना जुनंपुरानं बाहेर काढायचं ही रीतच आहे आपल्याकडे. मी त्या दिवशी ऑफिसात होते. संध्याकाळी नवा रायपूरहून पुरानी बस्तीत पोचले तेव्हा गोमूत्र शिंपडून झालं होतं आणि वन्सं कंबरेला पदर खोचून समाधानानं उभ्या होत्या.

"पाह्य व रेखा, कसं दिसून राहिलं आता," त्या मला म्हणाल्या. "बिचारीनं किती कचरा साठवून ठेवला होता. एकटी बाई, कुठं कुठं पाहीन."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊजी आतल्या खोलीत सतरंजीवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

भाऊजींना दिसत नाही हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. नजर जराशी कमी झाली, चष्म्याचा नंबर वाढला, एवढंच तू सगळ्यांना सांगत आलीस. निखिलला, पोटच्या पोरालाही तेच. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी तू घरी येऊन साबुदाणा भिजवलास, दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती म्हणून. हे तूच मला सांगितलंस, आणि तेही खूप नंतर.

मला कळलं कसं, ते आठवतं तुला? मी न सांगता आले होते, भर दुपारी. दार नुसतं लोटलेलं. तू स्वयंपाकघरात, डोळ्यांवर पदर घट्ट बांधून, हात पुढे करून चहा करत होतीस. भाऊजी बाहेरच्या खोलीत झोपलेले. मला हसू आवरेना. "ताई, ह्या वयात लपाछपी?" म्हटलं मी. तू पदर न सोडता म्हणालीस, "चूप राह्य. साखर सापडून राहिली, पत्ती नाही सापडून राहिली. म्हणजे डबा चुकीचा आहे." मग तू पदर सोडलास, चहापत्ती काचेच्या बरणीतून काढून एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात ओतलीस, पुन्हा डोळे बांधलेस आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलंस. चहा गाळून कप माझ्या हातात दिलास आणि तेव्हा सांगितलंस. सांगताना तू त्या डब्याचं झाकण नीट बसतं का ते बघत होतीस.

नंतर प्रत्येक वेळी आले की तुझ्या घरात काहीतरी नवीन असायचं, आणि सहसा एक रुपयाही खर्च केलेला नसायचा. कोथिंबिरीच्या जुडीची रबरं तू जमवायचीस. मिठाला एक रबर, साखरेला दोन, बेसनाला काहीच नाही. हळद-तिखटाचे डबे मुद्दाम वेगळ्या उंचीचे. चादरीची घडी तिच्याच उशीच्या अभ्र्यात, म्हणजे जोडी शोधायला नको. पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरला आतून सेफ्टी पिन, निळ्याला नाही. निखिलच्या जुन्या जीन्सचा पाय कापून खिडकीला टांगलेला, त्यात कांदे. दुसऱ्या पायात लसूण. तेलाचे पाच लिटरचे डबे आडवे कापून त्यांचे खण केलेस आणि विटा-फळीच्या मांडणीत बसवलेस. गॅसच्या बटणावर नेलपॉलिशचा जाड थेंब, कोणत्या बाजूला वळवायचं त्यासाठी. तुझ्या आयुष्यात नेलपॉलिश तू त्यासाठीच आणलीस. भाऊजी सकाळी उठायचे, तुझ्या आधी. चहा ठेवायचे, बिस्किटं काढायचे, तुला हाक मारायचे. आलेल्या माणसाला वाटायचं, काय प्रेमळ नवरा आहे. होतेच ते प्रेमळ. पण तो चहा ते स्वतःसाठी करायचे हे मला माहीत होतं. आपल्याला अजून करता येतो, हे रोज एकदा हाताला कळावं म्हणून.

आणि तुझा तो नियम. वाटेत काही ठेवायचं नाही. चप्पल नाही, बादली नाही, पाहुण्याची बॅग तर नाहीच. मी एकदा माझी पर्स दारात टाकली तर तू ती उचलून थेट अंगणात ठेवलीस. "इथं पर्सले जागा नाही का?" मी चिडले. "जागा आहे. वाट नाही," म्हणालीस. मी तुझी फार चेष्टा करायचे. तुझं घर म्हणजे रेल्वेचं पार्सल ऑफिस, म्हणायचे. तूही सोडायची नाहीस. "तुह्या घरी खुर्चीवर बसाचं असलं तर आधी कपड्यायची परवानगी काढा लागते." खरं होतं ते. माझा फ्लॅट लागला तेव्हा मी ऑनलाइन मागवलेले ते कप्प्याकप्प्यांचे महागडे डबे बघून तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. मग तुझ्या जुन्या नारायणपेठेची खिशांची लांब पिशवी शिवून दारामागे टांगून गेलीस. विजेचं बिल, किल्ल्या, चष्मा, छत्री. ती पिशवी अजून तिथंच आहे. मला ती आवडते, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आवडते.

भांडण एकच होतं आपलं, आणि ते पुरं झालं नाही. निखिलला सांग. हे मी फोनवर म्हणायचे, तुझ्या अंगणात म्हणायचे, एकदा बुढा तालाबच्या काठी भेळ खाताना म्हटलं तर तू पुडी तशीच बाकावर ठेवून उठलीस. "तो चांगला पोट्टा आहे, म्हणूनच नाही सांगत," म्हणालीस. "वाईट असता तर सांगतलं असतं. हा लगेच येईन अन् हैदराबादले घेऊन जाईन. तिथं ह्यायले कोणी हातात पाणी देईन, कोणी ताट देईन. मग हे नुसते बसून राहतील. मले ते पाह्याचं नाही." मी म्हटलं, उद्या तुलाच काही झालं तर? तू म्हणालीस, "मले काहून होईन? मी कुठं आंधळी आहे?" हा कसला युक्तिवाद, ताई? मी हे म्हणेपर्यंत तू पुढच्या चौकात पोचून रिक्षा थांबवत होतीस.

शेवटचा फोन झाला तेव्हाही तोच विषय. तू कंटाळून म्हणालीस, "तू पहिले तुह्या खुर्चीवरचे कपडे आवर." आणि ठेवून दिलास. मी रागानं पुन्हा केला नाही. म्हटलं रविवारी जाऊन समोरासमोर बोलू. रविवार आला तो तुझ्या तिसऱ्या दिवसाचा.

तू कशी गेलीस ते सगळ्यांना सांगितलं ते इतकंच, की हृदय बंद पडलं, स्वयंपाकघरात, सकाळी. बाकीचं भाऊजींनी फक्त मला सांगितलं. त्या दिवशी तू त्यांच्या आधी उठली होतीस. ते नेहमीप्रमाणे चहाला गेले आणि त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. एवढ्या वर्षांत त्या वाटेत कधी काही लागलं नव्हतं. "मले वाटलं तांदळाचं पोतं आलं," ते म्हणाले. "मी तिच्यावर रागावलो, रेखा. वाटेत काय ठेवलं व हे, म्हटलं. मोठ्यानं म्हटलं." मग ते खाली वाकले.

त्यांच्या हाताला तुझ्या बांगड्या लागल्या.

म्हणून मला त्या संध्याकाळी वन्संच्या हिरव्या झाकणांकडे बघवेना. मी आतल्या खोलीत जाऊन भाऊजींपाशी बसले. हळूच विचारलं, तुम्हाला कळलं का आज काय काय गेलं ते. ते म्हणाले, "मी इथंच होतो. मले आवाज येऊन राहिला होता. ती कात्रीनं रबरं कापून राहिली होती. टक, टक."

"मग बोलले काहून नाही?"

"तुह्या बहिणीनं कोणाले सांगतलं नव्हतं. मी कसा सांगू?"

ताई, हे तू केलंस. मला तुझ्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण हे तू केलंस. वन्संचा काही दोष नाही. त्या गोंदियाहून आल्या, तुझ्यासाठी रडल्या, स्वतःच्या घरासारखं त्यांनी ते घासून काढलं, स्वतःच्या पैशांनी बरण्या आणल्या. त्यांना एक शब्द ठाऊक असता तर त्यांनी एका रबरालाही हात लावला नसता. तू तुझं घर आणि तुझा नवरा इतका नीट झाकून ठेवलास की तो बोलायलाही उरला नाही.

तेरवीनंतर पाहुणे पांगले, सूनही हैदराबादला परतली. वन्सं आणि निखिल राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी उठले आणि चहा करायला गेले. निखिल म्हणाला, पापा, रहने दो, मैं बनाता हूँ. ते नको म्हणाले. मीही होते, रात्री तिथंच राहिले होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि मला त्यांचा हात दिसला. फळीकडे तो बरोबर गेला. जिथं साखर असायची तिथंच गेला, जरासुद्धा चाचपडला नाही. तिथं हिरव्या झाकणाची बरणी होती, शेजारीही हिरव्या झाकणाची, तिच्या शेजारीही. त्यांनी गळ्याभोवती बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं का? मला वाटलं, मी बोलले तर ते संपतील. त्यांनी एक बरणी उचलली.

चहा खारट झाला. वन्संनी पहिला घोट घेतला आणि त्या हसल्या, "काय रे भाऊ, मीठ टाकलं का?" निखिलही हसला. मग त्याचं हसू थांबलं. तो वडिलांकडे बघत राहिला. भाऊजी कप हातात धरून बसले होते आणि हसत होते, पण निखिलकडे बघून नाही, त्याच्या जरासं बाजूला, खिडकीकडे बघून.

"पापा," तो म्हणाला, "आपको दिखता नहीं है क्या?"

वन्संनी तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून बरण्या हलवल्याचा आवाज आला, मग रडण्याचा. निखिल माझ्याकडे वळला. "मौसी, आपको पता था?" मी हो म्हटलं. "मम्मी ने मुझे क्यों नहीं बताया?" ह्याचं उत्तर मला पाठ होतं, तुझ्याच शब्दांत. तो चांगला मुलगा आहे म्हणून. पण आई गेलेल्या पोराला हे कसं सांगायचं, की तुझ्या चांगुलपणाची तिला भीती वाटत होती? मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून. तो म्हणाला, "मैं बेटा हूँ उनका," आणि स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या त्या विटांच्या मांडणीला टेकून लहान असताना रडायचा तसा रडला. ताई, तू ते बघायला हवं होतंस. मला हे रागानंच म्हणायचं आहे.

पण एक सांगते. रडून झाल्यावर त्यानंच विचारलं, मौसी, वापस लगा सकते हैं? आणि आम्ही लावलं. सगळे मिळून. वन्सं बाजारात जाऊन रबरं घेऊन आल्या, कोरी करकरीत. साहू भाभींनी तेलाचे रिकामे डबे दिले. निखिलनं ते कापताना बोट कापून घेतलं. भाऊजी स्टुलावर बसून सांगत होते: मीठ खालच्या फळीच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. त्याच्या उजव्या अंगाला साखर. चहापत्ती वरच्या फळीवर, चौकोनी डब्यात. प्रत्येक वस्तू ठेवली की ते उठून हात लावून बघायचे आणि "हव" म्हणायचे. इथं राहून त्यांना ती सवय लागली आहे, होकाराला हव. एखादीला "नाही, जरा मागं," म्हणायचे. एवढं बारीक त्यांना सगळं ठाऊक होतं. वन्सं मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, हिनं तर ह्याले डोळे करून दिले होते." संध्याकाळपर्यंत तुझं स्वयंपाकघर जवळजवळ उभं राहिलं. भाऊजींनी चहा केला. गोड झाला. मला खरंच वाटलं की आपण जिंकलो.

निखिलनं कप ठेवला आणि म्हणाला, "रोज़ कौन रखेगा?"

मला आधी समजलं नाही. त्यानं समजावून सांगितलं, शांतपणे, तो असाच आहे. साखर संपेल, नवी पिशवी येईल. भाजी येईल. दूधवाला पातेलं वेगळ्या जागी ठेवील. कामवाली झाडू टेकवून जाईल. मम्मी हे सगळं पुन्हा जागेवर नेत होती. रोज, प्रत्येक वेळी. आणि मला दिसलं, ताई. तुझी जादू डब्यांत नव्हतीच. मी इतकी वर्षं त्या चिंध्या आणि रबरं बघत होते आणि दिवसभर जमिनीवरून, ओट्यावरून एकेक वस्तू उचलून परत ठेवणारी तू मला दिसलीच नाहीस. मी म्हटलं, मी येईन. भाऊजींनी विचारलं, "रोज?" नवा रायपूर कुठे, पुरानी बस्ती कुठे. बस मिळाली तर मिळाली.

तरी थोडे दिवस बघू, असं ठरलं. वन्संनी मुक्काम वाढवला. त्या खरोखर जपत होत्या. प्रत्येक गोष्ट दोन्ही हातांनी जागेवर ठेवायच्या आणि मग "हे बरोबर आहे का रे भाऊ?" विचारायच्या. इतकं विचारायच्या की भाऊजी थकून जायचे.

मग गॅसचं सिलेंडर आलं. वन्सं मागे अंगणात कपडे वाळत घालत होत्या, निखिल फोनवर मीटिंगमध्ये होता. दारातल्या माणसानं भरलेलं सिलेंडर आत आणून स्वयंपाकघराच्या वाटेत ठेवलं आणि रिकामं घेऊन गेला. तो तरी काय करणार, सगळीकडे तसंच ठेवतात. भाऊजी पाणी प्यायला उठले.

आवाज ऐकून निखिल धावत आला. त्यानं मला फोनवर सांगितलं, आणि हे सांगताना त्याला मराठी सुचत होती, हिंदी नाही. "मौसी, पापा उठलेच नाही. खाली बसून राहिले. पायाच्या नळगुडीतून रक्त येत होतं. ते दोन्ही हातांनी सिलेंडरवर हात फिरवत होते. वरून खालपर्यंत. मी म्हटलं पापा, सिलेंडर आहे, तरी ते हात फिरवतच होते." नंतर ते म्हणाले, निखिल, तिकीट काढ.

निखिलला वाटलं पायाला लागलं म्हणून. मी त्याला काही सांगितलं नाही. तुझ्यासारखंच झालं हे, नाही का?

आता मला आपलं भांडण संपवायचं आहे. तू नाहीस, तर एकटीच संपवते. तू सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर वन्संनी कात्री उचलली नसती, निखिलला आईनंतर वडिलांचे डोळेही एकाच चहात गमवावे लागले नसते. हे माझं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. पण तू सांगितलं असतंस तर भाऊजी तेव्हाच हैदराबादला गेले असते, हेही खरं आहे. निखिल चांगला मुलगा आहे. मग त्यांनी केलेले ते सगळे सकाळचे चहा झालेच नसते. मी त्यातले कितीतरी प्यायले आहेत. चांगले असायचे, जरा गोड जास्त. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यातली कोणती जड, हे मला ठरवता येत नाही. तुला येत होतं. तू ठरवून मोकळी झाली होतीस आणि त्याचं सगळं ओझं एकटीनं ओढत होतीस. मला थोडं दिलं असतंस तर? मला कपड्यांची खुर्ची आवरता येत नाही, पण संध्याकाळी येऊन तुझ्याबरोबर डबे जागेवर ठेवता आले असते.

काल ते निघाले. वन्सं आदल्या दिवशी गोंदियाला गेल्या. निखिलनं हैदराबादच्या घराचे फोटो मला दाखवले: मोठं स्वयंपाकघर, ओढायचे खण, सगळं आत, बाहेर काही दिसत नाही. सुनेनं पापांसाठी खिडकीजवळ खुर्ची लावली आहे. तिनं मनापासून लावली आहे. मी छान म्हटलं.

टॅक्सी गल्लीत येत नाही, कोपऱ्यावर उभी होती. इतक्या वर्षांत भाऊजींनी कधी कोणाला हात धरू दिला नव्हता. माझ्याबरोबर बाजारात आले तरी शेजारून चालायचे, बोलत बोलत, आणि मी मुद्दाम बोलत राहायचे म्हणजे त्यांना आवाज कळावा. मी तशीच काल बोलायला लागले, पारा, हा मोहल्ला, किती बदलला, साहू भाभींच्या जास्वंदीला किती फुलं आलीत. ते पायरीवर थांबले. निखिलनं पुढे होऊन त्यांचा हात धरला.

त्यांनी धरू दिला, ताई.